चायोबाईंचं रुसलेलं पातेलं

मी आले की लोक हात धुवायला लागतात. लग्नात, चर्चच्या सणाला, अगदी मयतीच्या जेवणालासुद्धा. सव्वीस वर्षं मी इथे कॅनडात सरकारी आरोग्य खात्यात इन्स्पेक्टर होते. रिटायर होऊन वर्ष झालं, तरी परवा मिसिसागात एका भाचीने मला चहा देण्याआधी बशी दोनदा पुसली आणि वर विचारलं, "आंटी, ठीक आहे ना?" मी म्हटलं, "पास." तिचा जीव भांड्यात पडला.

आमचा धंदा सांगायला सोपा आहे. चार आणि साठ, एवढे दोन आकडे लक्षात ठेवायचे. चार डिग्रीच्या खाली जंतू झोपून राहतात, साठच्या वर त्यांची खैर नसते, आणि मधल्या भागात त्यांच्या घरी कायम लग्न लागलेलं असतं. इन्स्पेक्टरने पेनाएवढा थर्मामीटर घेऊन फिरायचं, तो प्रत्येक पदार्थाच्या पोटात खुपसायचा, आकडा वाचायचा. हात धुवायला पाणी आहे का, साबण आहे का, झाकण आहे का, बघायचं. शेवटी कार्ड लावायचं: हिरवं, पिवळं नाहीतर लाल. एक नियम मात्र फार वाईट. ड्युटीवर असताना कुणाकडचं काही खायचं नाही. पाणीसुद्धा नाही. मी आयुष्यभर लोकांच्या बिर्याणीचं, पास्त्याचं आणि मटणाचं तापमान घेतलं आणि दुपारी गाडीत बसून घरचा डबा खाल्ला.

शेवटची सात वर्षं माझ्याकडे एटोबिको या उपनगरातला शनिवारचा उघड्यावरचा बाजार होता. बंद पडलेल्या एका फर्निचरच्या दुकानाचा पार्किंग लॉट, मे ते ऑक्टोबर. त्यात एक अख्खी रांग मेक्सिकन लोकांची. निळ्या ताडपत्र्या, त्याखाली मोठमोठी पातेली, जास्वंदीचं लाल सरबत, वाळक्या मिरच्यांच्या गोण्या. ही रांग माझ्या वाट्याला आली ती माझ्या आडनावामुळे. माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर "आर. रॉड्रिग्ज" लिहिलेलं होतं. साहेबांना वाटलं, बाईला स्पॅनिश येत असणार. आता आमचं रॉड्रिग्ज वसईचं. पोर्तुगीजांनी आमच्या पूर्वजांना आडनाव दिलं, भाषा द्यायची राहून गेली. पण बाजार घराजवळ होता, शनिवारचा भत्ता मिळत होता. मी साहेबांचा गैरसमज दूर केला नाही.

मेक्सिकन मंडळींचाही तोच समज झाला. रंग सावळा, नाक जरा बसकं, आडनाव रॉड्रिग्ज, म्हणजे आपलीच बाई, सरकारी नोकरीमुळे तोरा दाखवते म्हणून इंग्रजी बोलते. पहिल्याच शनिवारी सरबतवाल्याने माझ्याशी स्पॅनिशमध्ये बोलायला सुरुवात केली. मी त्याच्या बर्फाच्या डब्याकडे बघत होते. एक शब्द कळत नव्हता, म्हणून मी गंभीर चेहऱ्याने "सी", म्हणजे "हो", म्हटलं. तो आणखी बोलला. मी पुन्हा "सी". त्याने कपाळाचा घाम पुसला, डबा उचलला आणि सगळा बर्फ गटारात ओतून नवा आणला. त्या बर्फात काय होतं हे मला आजही माहीत नाही.

त्या दिवशी मला साक्षात्कार झाला. खात्याने मला पंचवीस ट्रेनिंगं दिली, पण न कळण्याइतकं धारदार हत्यार एकातही शिकवलं नव्हतं. मी स्टॉलपुढे उभी राहायचे, समोरचा बोलायचा, मी मान डोलवायचे आणि तो आपल्या चुका आपणच दुरुस्त करायचा. माझ्या रांगेचा रेकॉर्ड सगळ्या शहरात चांगला होता.

त्या रांगेत काय काय असायचं! बेतो नावाचा एक गृहस्थ भाजलेले नाकतोडे विकायचा. लिंबू, मीठ, तिखट लावलेले, कुरकुरीत. माझ्या दृष्टीने आदर्श पदार्थ, कारण कोरडा. एकदा एक पुण्याचा सॉफ्टवेअरवाला तिथे उभा. नमुन्याच्या वाटीतून चिमूटभर तोंडात, मग मूठभर. मला मराठीत फोनवर बोलताना त्याने ऐकलं असावं. जवळ येऊन म्हणाला, "काकू, तुम्ही मराठी का? हा चिवडा फर्स्ट क्लास आहे हो. पोहे कसले वापरतात?"

मी विचारलं, "तुम्ही नॉनव्हेज खाता?"

"छे छे, प्युअर व्हेज. घरी अंडंसुद्धा नाही."

आता सरकारी नोकराने खोटं बोलायचं नसतं. मी म्हटलं, "पोहे नाहीत. हाय प्रोटीन आहे." तो खूश होऊन दोन पाकिटं घेऊन गेला. मागे पाटी होती, त्यावर नाकतोड्याचं हे एवढं चित्र होतं. पाटी वाचणं ही ग्राहकाची जबाबदारी, असं आमच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय.

सगळेच प्रसंग असे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात चायोबाई नावाच्या एका विक्रेतीच्या स्टॉलवर तीन खोकी मक्याची कणसं दिसली. प्रत्येक कणसावर काळी-राखाडी फुगलेली बुरशी. आमच्याकडे ज्वारीवर काणी पडते तशी. मी शेतकऱ्याची मुलगी, काणी मला ओळखता येते. हुकूम सोडला, तिन्ही खोकी काळ्या पिशवीत भरायला लावली आणि नियमाप्रमाणे वर ब्लीच ओतलं. चायोबाई एप्रनला हात पुसत बघत राहिल्या. पुढे थंडीत एका मासिकात वाचलं की मेक्सिकोत ती बुरशी म्हणजे मेजवानी. साध्या कणसापेक्षा महाग, आणि इथे तर एखाददुसऱ्या शेतकऱ्याकडेच मिळते. पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले, पण "माझी चूक झाली" असं म्हणाले नाही. "अपडेटेड माहिती मिळाली आहे," असं म्हणाले. सरकारी माणसं अशीच माफी मागतात. त्या तीन खोक्यांचं मला अजून वाईट वाटतं.

चायोबाईंचं पूर्ण नाव रोसारियो. साठीच्या, ठेंगण्या, दोन वेण्या घालून त्या डोक्यावर बांधलेल्या. बाजाराच्या अगदी तोंडाशी त्यांचा स्टॉल. त्या तमाल विकायच्या. तमालपत्राशी याचा काही संबंध नाही. मका चुन्याच्या पाण्यात उकडायचा, धुवायचा, वाटायचा, त्यात चरबी घालून पीठ हलकं होईस्तोवर फेटायचं. मध्ये लाल मिरचीतलं डुकराचं मांस भरायचं, कणसाच्या वाळक्या सालीत गुंडाळायचं आणि उभे रचून वाफवायचे. हळदीच्या पानातल्या आपल्या पातोळ्यांचा परदेशी चुलतभाऊ म्हणा. पहिल्यांदा त्यांच्या कागदपत्रांत चुना पाहिला तेव्हा मी विचारलं होतं, "पान खाता का?" त्यांची मुलगी मारिसोल शाळेत शिकवते, शनिवारी आईला मदत करते, इंग्रजी फर्डं बोलते. तिने तो प्रश्न आईपर्यंत पोचवलाच नव्हता.

आता त्या शनिवारची गोष्ट.

सप्टेंबर होता. मेक्सिकन लोकांचा स्वातंत्र्याचा सण तोंडावर, त्यामुळे वर्षातला सर्वांत मोठा बाजार. चायोबाईंना दीडशे तमालांची ऑर्डर होती, शिवाय येणारंजाणारं गिऱ्हाईक. आणि त्यांच्या डोक्यावर टांगती तलवार होती, ती मीच टांगलेली. जुलैमध्ये त्यांचा तमालांसोबतचा शिजवलेला घेवडा बावन्न डिग्रीवर सापडला, मी पिवळं कार्ड दिलं. बाजाराच्या कमिटीचा नियम असा की एका सीझनमध्ये दोन पिवळी कार्डं झाली की पुढची जागा गेली. मग स्टॉल मागच्या कोपऱ्यात, भाड्याच्या वॉशरूमच्या डब्यांना लागून. तिथे कोण खायला जाणार? पुढची जागा घ्यायला लेमोनेडवाला टपून बसला होता. बारा वर्षं चायोबाईंनी त्या जागेवर गिऱ्हाईक जोडलं होतं. ती जागा म्हणजेच त्यांचा धंदा.

मी त्या दिवशी घरून भांडून निघाले होते. माझा नवरा व्हिन्सेंट, रिटायर्ड बस ड्रायव्हर. त्याचा छंद असा की फ्रोझन बोंबील आणायचे, वितळवायचे आणि कॉन्डोच्या बाल्कनीत दोरीवर वाळत घालायचे. चौदाव्या मजल्यावर. मॅनेजमेंटची दोन पत्रं आली होती, दोन्ही माझ्या नावावर. आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टरच्या घराला दुर्गंधीची नोटीस! सकाळी मी दोरी कापली आणि सगळे बोंबील कचऱ्याच्या नळकांड्यात, शूटमध्ये, सोडले. व्हिन्सेंट ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "तू घरात पण इन्स्पेक्टरच." हे ऐकून मला जास्त राग आला.

दहा वाजता चायोबाईंच्या पातेल्यातल्या तमालात थर्मामीटर घातला. एकसष्ट. तमालात मांस असतं, तिथे साठ पुरत नाही, आतला आकडा चौऱ्याहत्तर लागतो. विक्री थांबवली. नियमात एक पळवाट आहे: इन्स्पेक्टर हजर असेपर्यंत दोष दूर झाला तर कार्ड हिरवंच राहतं. मी बारापर्यंत बाजारात होते. साडेदहाला परत पाहिलं, एकसष्ट. अकराला बासष्ट. गॅसचं सिलिंडर भरलेलं, झाकण घट्ट. पातेलं मात्र रुसलेलं.

चायोबाई माझ्यासमोर आल्या, कमरेवर हात ठेवला आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. मी सवयीने म्हटलं, "सी."

त्यांनी आणखी एक विचारलं. "सी."

आजूबाजूच्या माणसांनी माना वळवल्या. मारिसोलने तोंडावर हात ठेवला. "इन्स्पेक्टर, तुम्हाला आई काय विचारते ते कळलं?"

"अर्थात."

"आईने विचारलं, तुम्ही पोटात राग घेऊन आलात का. तुम्ही हो म्हणालात. मग विचारलं, नवऱ्यावरचा का. तुम्ही हो म्हणालात."

सात वर्षांत माझा हा पहिलाच "सी" खरा निघाला.

मारिसोलने मग समजावलं. त्यांच्याकडे पक्की समजूत आहे की तमालाच्या पातेल्याजवळ कुणी रागावलेलं आलं तर तमाल शिजत नाहीत. तासन्‌तास वाफवा, कच्चेच. उपाय एकच. ज्याचा राग, त्याने तो तिथेच सोडायचा. "आई म्हणते, नवऱ्याला फोन करा. इथूनच. पातेल्याला ऐकू यायला हवं."

मी म्हटलं, "मी सरकारी कामावर आहे."

चायोबाईंनी पातेल्याकडे बोट केलं, मग माझ्या हातातल्या पिवळ्या कार्डाकडे. डोळ्यांत पाणी होतं, पण बोट हललं नाही. मला त्या तीन खोक्यांवर ओतलेलं ब्लीच आठवलं. मी फोन काढला.

सणाचे दिवस होते, बाजार भरलेला होता, आणि इन्स्पेक्टर नवऱ्याला फोन करणार ही बातमी रांगेत पसरायला अर्धं मिनिट लागलं. बेतो नाकतोडे सोडून आला. सरबतवाला आला. पंचवीस-तीस माणसं स्टॉलभोवती रिंगण करून उभी राहिली. चायोबाईंनी माझा फोन स्पीकरवर टाकला आणि झाकणाशेजारी धरला.

"हॅलो, व्हिन्सेंट?"

"काय राहिलंय घरात फेकायचं?"

"ऐक. सकाळी..." छत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी कधी वापरलं नव्हतं. "सकाळी माझं चुकलं."

तो म्हणाला, "कोण बोलतंय?"

"मी बोलतेय, रेजिना!"

"रेजू, तुला कुणी धरून ठेवलंय काय? एकदा खोक. मी पोलिसांना फोन करतो."

"गप्प बस. मला खरंच वाईट वाटतंय. तुझे बोंबील मी असे फेकायला नको होते. विचारायला हवं होतं." बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मला खरोखरच वाईट वाटतंय. हा माणूस तीस हिवाळे भल्या पहाटे बर्फात बस काढून माझ्या परीक्षांच्या फिया भरत होता. त्याने मागितलं काय, तर एक दोरी. "ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," तो मऊ आवाजात म्हणाला. "जाऊ दे गो. तसं पण तू फेकलेस ते बारके होते. चांगले मी कालच बेसमेंटच्या लॉकरमध्ये नेऊन टांगले. तुझ्या विंटर टायर्सच्या वर."

माझा राग पुन्हा टाळूपर्यंत चढत गेला. विंटर टायर्सच्या वर! आता अख्खा हिवाळा माझी गाडी वसईच्या कोळीवाड्यासारखी... चायोबाईंनी झाकणावर हात आपटला. मारिसोल कुजबुजली, "स्माइल! स्माइल!" तीसजण माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना आमचं एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळे गंभीरपणे माना डोलवत होते. ते पाहिलं आणि मला हसू फुटलं. असं फुटलं की थर्मामीटर हातातून पडला. व्हिन्सेंट पलीकडून विचारतोय, "रडतेस का? अगो रडतेस का?" आणि मग तोही हसायला लागला.

कुणी जागचं हललं नाही. पातेलं शिजतं की नाही ते बघायला सगळं रिंगण तसंच उभं. मी नवा थर्मामीटर काढला, निर्जंतुक केला. सव्वाअकराला सदुसष्ट. साडेअकराला बाहत्तर. पावणेबाराला तीन वेगवेगळ्या तमालांत घातला, तिन्हींत अठ्ठ्याहत्तर. टाळ्या पडल्या. चायोबाईंनी क्रूसाची खूण केली आणि माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. तेही नियमात बसत नाही.

मी रिपोर्ट भरायला बसले. त्यात एक रकाना असतो, "दोष कसा दूर केला?" मला कारण दिसलं होतं. त्या दिवशी तलावाकडून वारा होता, आणि मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये तो थेट शेगडीखाली शिरत होता. तीस माणसांचं रिंगण उभं राहिलं, वारा अडला, ज्योत सरळ झाली, पातेलं तापलं. मी लिहिलं, "शेगडीला वाऱ्यापासून आडोसा केला." खाली स्टॉलवाल्याची सही लागते. कागद चायोबाईंपुढे ठेवला. त्यांनी मारिसोलकडून वाचून घेतला आणि पेन खाली ठेवलं.

"आई म्हणते, खोट्या कागदावर ती सही करणार नाही."

"खोटा? अहो, वारा होता!"

"आई म्हणते, वारा सकाळपासून होता आणि आत्ताही आहे. जे झालं ते लिहा."

बाराला सहा मिनिटं होती. सहीशिवाय रिपोर्ट अपुरा, आणि अपुऱ्या रिपोर्टवर हिरवं कार्ड लागत नाही. पातेल्यात दीडशे शिजलेले तमाल, समोर गिऱ्हाइकांची रांग, कोपऱ्यावर लेमोनेडवाला घड्याळ बघतोय. जागा जायची ती आता शास्त्रामुळे जाणार होती. मी ते वाक्य खोडलं, शेजारी आद्याक्षरं घातली आणि खाली इंग्रजीत लिहिलं: "इन्स्पेक्टरने नवऱ्याची माफी मागितली. तापमान अठ्ठ्याहत्तर."

चायोबाईंनी सही केली. पूर्ण नाव, खाली ठसठशीत रेघ.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. रिपोर्ट वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "रेजिना, थर्मामीटर तपासलेला होता?" मी म्हटलं, दोन होते, दोन्ही तपासलेले. त्यांनी शिक्का मारला. शिक्का बसला म्हणजे कागद अधिकृत झाला, आणि अधिकृत रिपोर्ट लोकांना दिसेल असा स्टॉलच्या दर्शनी बाजूला लावायचा असतो. कायदाच आहे तसा. चायोबाईंनी तो प्लास्टिकच्या कव्हरात घालून अगदी पुढे, बाजाराच्या तोंडाशी टांगला.

सीझन संपेपर्यंतचे पाचही शनिवार व्हिन्सेंट दोन बस बदलून त्या बाजारात आला. एक तमाल घ्यायचा आणि त्या कागदासमोर उभा राहून सावकाश खायचा. मी पलीकडे कुणाच्यातरी घेवड्यात थर्मामीटर घालून उभी असायचे. वाचताना त्याचे ओठ हलतात, ही त्याची जुनी सवय. ओठ शेवटच्या ओळीपर्यंत जायचे, थांबायचे, आणि तो पुन्हा वरपासून सुरू करायचा.